लिपिड हा खरोखर एक वर्ग आहे, की उरलेल्यांची बांधलेली मोट?

कुतूहल

नमस्कार. पुष्कळ वर्षांनी जीवरसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक पुन्हा हातात घेतले आणि एका जागी अडकून बसलो आहे. प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या, कर्बोदके म्हणजे शर्करा आणि शर्करांच्या साखळ्या, न्यूक्लिइक आम्ले म्हणजे न्यूक्लिओटाइडांच्या साखळ्या. हे तीनही वर्ग घडणीवरून ओळखता येतात. चौथ्या वर्गाशी आले की पुस्तकाचा सूरच बदलतो: लिपिड म्हणजे पाण्यात न विरघळणारे, परंतु क्लोरोफॉर्म किंवा ईथरसारख्या द्रावकात विरघळणारे जैविक पदार्थ. रेणू कसा आहे हे सांगण्याऐवजी तो काय करत नाही एवढेच सांगणारी ही व्याख्या मला व्याख्येपेक्षा तक्रारीसारखी वाटते.

चरबीतील ट्रायग्लिसराइड, पेशीपटलातील फॉस्फोलिपिड, चार कड्यांचे कोलेस्टेरॉल, पानांवरचे मेण, पानांतलेच कॅरोटीन आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे यांच्या रचनाकृती मी एका कागदावर शेजारीशेजारी काढून पाहिल्या. एखाद्या अनोळखी माणसाने तो कागद पाहिला, तर ही सगळी मंडळी एकाच घरातील आहेत असे तो कधीही म्हणणार नाही. तेव्हा जाणकारांना प्रश्न असा की, लिपिड हा निसर्गातला वर्ग आहे, की प्रयोगशाळेतल्या बाटलीने पाडलेला?

षट्कोन

व्याख्या ओबडधोबड आहे हे मान्य, पण ती तक्रार नाही. पेशीच्या आत पाणी आहे आणि बाहेरही पाणीच आहे. अशा ठिकाणी पाण्यात न विरघळणे हे वैगुण्य नसून कसब आहे. आत आणि बाहेर यांच्यामध्ये कुंपण घालायचे, तर ते पाण्यात विरघळून कसे चालेल?

फॉस्फोलिपिडचा रेणू पाहा. ग्लिसरॉलच्या तीन कर्बांपैकी दोघांना मेदाम्लांच्या लांब शेपट्या जोडलेल्या असतात, तर तिसऱ्यावर फॉस्फेट आणि त्याच्या टोकाला कोलीनसारखा ध्रुवीय, म्हणजे पाण्याशी जमणारा, गट असतो. असे रेणू पाण्यात सोडले की डोकी पाण्याकडे आणि शेपट्या आतल्या बाजूला एकमेकींकडे वळतात आणि दोन थरांचे पटल आपोआप तयार होते. त्या मांडणीसाठी विकर लागत नाही आणि बाहेरून ऊर्जाही पुरवावी लागत नाही. ट्रायग्लिसराइडमध्ये तिसऱ्या कर्बावरही मेदाम्लच असल्यामुळे त्याला म्हणावे असे डोकेच नसते; ते बिचारे थेंब होऊन बसते. एका टोकाच्या फरकाने एक रेणू कुंपण झाला आणि दुसरा कोठार. त्यामुळे विद्राव्यतेवरून केलेले वर्गीकरण वरवरचे आहे असे मी म्हणणार नाही; लिपिडांचे बहुतेक कर्तृत्व त्याच एका गुणातून आले आहे.

पाणकावळा

वाचतो आहे. डोके नसलेले कोठार सांभाळतात आणि डोके असलेले सीमेवर उभे राहतात, ही व्यवस्था ओळखीची वाटली.

अर्धविराम

षट्कोन यांच्या प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु 'जलद्वेषी' हा आपल्याकडे रूढ झालेला शब्द दिशाभूल करतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. मेदाम्लाच्या शेपटीला पाण्याचा द्वेष नसतो. त्या दोघांमध्ये क्षीण का होईना, पण आकर्षणच असते. अडचण पाण्याच्या बाजूने येते. पाण्याचे रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंधांनी जोडलेले असतात आणि ते बंध सतत तुटत-जुळत असतात. त्यांच्यात असा बंध न जोडणारी लांब शेपटी शिरली, की तिच्या लगतच्या पाण्याच्या रेणूंना बंध टिकवण्यासाठी ठरावीक दिशांनाच तोंड करून उभे राहावे लागते. त्यांचे स्वातंत्र्य घटते, म्हणजेच एन्ट्रॉपी घटते. अनेक शेपट्या एकत्र आल्या की पाण्याला लागून असलेले त्यांचे एकूण क्षेत्रफळ कमी होते आणि अडकून पडलेले पाणी मोकळे होते. पेशीपटल टिकते ते शेपट्यांच्या परस्परप्रेमापेक्षा पाण्याच्या मोकळेपणाच्या हट्टामुळे अधिक. द्वेष शब्दाने सगळा दोष चुकीच्या पक्षावर जातो.

पाणकावळा

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर फॉस्फोलिपिडच्या डोक्याला आपण 'जलस्नेही' म्हणतो. 'स्नेह' म्हणजे मूळ अर्थाने तेल, स्निग्धता! म्हणजे ज्या भागाला तेलाशी कर्तव्य नाही, त्याच्याच नावात आपण तेल घातले आहे.

अर्धविराम

@पाणकावळा, हे आजवर लक्षात आले नव्हते. आता दर वेळी आठवेल, त्याबद्दल आभार मानावेत की नाही हे ठरवतो आहे.

तळटीप

शेपट्या आत आणि डोकी बाहेर हे कसे कळले, याचा इतिहास येथे द्यावासा वाटतो, कारण त्यात एक मजेदार चूक आहे.

सुरुवात बेंजामिन फ्रँकलिनपासून करू. लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर त्याने चमचाभर तेल ओतले, तेव्हा सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे शांत झाले. हे वर्णन १७७४ साली प्रसिद्ध झाले. फ्रँकलिनने पुढचा भागाकार केला नाही, तो आपण करू. चमच्यात ५ मिलिलिटर तेल धरले आणि अर्धा एकर म्हणजे अंदाजे २००० चौरस मीटर, तर थराची जाडी सुमारे २.५ नॅनोमीटर येते, म्हणजे जवळजवळ एका रेणूच्या लांबीइतकी. पुढे आग्नेस पोकेल्स या जर्मन महिलेने विद्यापीठाचे शिक्षण नसताना घरच्या घरी उथळ पात्र आणि सरकती पट्टी वापरून पाण्यावरील अशा थरांची मोजमापे केली. लॉर्ड रॅले यांच्या शिफारशीने तिचे पत्र १८९१ साली 'नेचर'मध्ये छापले गेले. अर्व्हिंग लँगम्यूरने १९१७ साली केलेले काम त्याच पद्धतीवर उभे आहे.

आता चूक. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील सर्व लिपिड काढून पाण्यावर पसरले. सस्तन प्राण्यांच्या परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते आणि आत दुसरी पटलेही नसतात, त्यामुळे मिळालेले लिपिड बाहेरच्या पटलाचेच असणार, हा त्यांचा विचार फार चतुर होता. पसरलेल्या थराचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट आले आणि पटल दोन थरांचे असते हा निष्कर्ष त्यांनी काढला. वास्तविक त्यांनी वापरलेल्या ॲसिटोनने सगळे लिपिड बाहेर आले नव्हते आणि वाळलेल्या पेशी मोजल्यामुळे पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते. दोन्ही चुका एकमेकींना खोडून गेल्या आणि उत्तर बरोबर आले.

कुतूहल

@तळटीप, हा प्रतिसाद फारच आवडला. परीक्षेत असे दोन चुकांतून उत्तर आणणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी मीही होतो, फक्त माझ्या चुका एकाच दिशेने जात असत.

एक उपप्रश्न: पटल दोन थरांचे हे समजले, पण ते घट्ट असते की पातळ?

साखळी

पातळ असते, पण किती पातळ ठेवायचे हे पेशी ठरवते, आणि माझ्या मते लिपिडांचा सर्वांत सुंदर भाग हाच आहे. १८ कर्बांची मेदाम्ले घ्या. एकही दुहेरी बंध नसलेले स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते. मधोमध एक दुहेरी बंध आला की ओलेइक आम्ल होते आणि वितळणबिंदू एकदम १३ अंशांवर येतो. दोन दुहेरी बंधांचे लिनोलेइक आम्ल उणे ५ अंशांना वितळते, तर तीन बंधांचे अल्फा लिनोलेनिक आम्ल उणे ११ अंशांना. कर्ब तेवढेच, हायड्रोजनचे दोन-चार अणू कमी, आणि घन पदार्थाचा द्रव झाला.

कारण भूमितीचे आहे. निसर्गातील दुहेरी बंध बहुधा सिस प्रकारचा (साखळीचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूला) असतो आणि तेथे शेपटी सुमारे ३० अंशांनी वाकते. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बांधता येते, वाकड्या फांद्यांची बांधता येत नाही. हीच गोष्ट उलट बाजूने तपासायची असेल, तर ओलेइकचाच ट्रान्स (दोन्ही भाग विरुद्ध बाजूंना) भाऊ असलेले इलाइडिक आम्ल पाहा. अणू सगळे तेच आणि बंधही त्याच जागी, पण साखळी जवळजवळ सरळ राहते. म्हणून ते सुमारे ४५ अंशांपर्यंत घन असते. तेलांचे अर्धवट हायड्रोजनीकरण करताना हा प्रकार तयार होतो.

पेशी हेच ज्ञान वापरते. थंड वातावरणात वाढवलेले जिवाणू पटलात असंपृक्त, म्हणजे दुहेरी बंध असलेल्या, मेदाम्लांचे प्रमाण वाढवतात, म्हणजे थंडीतही पटलाचा प्रवाहीपणा साधारण तोच राहतो. सिनेन्स्कीने १९७४ साली ई. कोलाय जिवाणूत हे मोजून दाखवले. रेनडिअरच्या पायांत वरून खुराकडे जावे तसे पटलांतील असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढत जाते, कारण त्या प्राण्याचे खूर बर्फात असतात आणि धड मात्र उबदार असते.

षट्कोन

@साखळी यांच्या म्हणण्याला जोड. त्या पटलात रेणू आडवे फिरतात ते अतिशय वेगाने. एका सेकंदात साधारण २ मायक्रोमीटर, म्हणजे एका जिवाणूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. परंतु एका थरातून दुसऱ्या थरात कोलांटी मारायला त्याच रेणूला तास नव्हे, कधीकधी दिवस लागतात, कारण ध्रुवीय डोके तेलकट मधल्या भागातून ओढून न्यावे लागते. त्यामुळे दोन्ही थरांची घडण वेगळी ठेवता येते. फॉस्फटिडिलसेरीन नावाचे फॉस्फोलिपिड पेशी आपल्या आतल्या थरात राखून ठेवते आणि त्यासाठी एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) खर्चून चालणारी प्रथिने कामाला लावते. मरणपंथाला लागलेल्या पेशीत ही व्यवस्था मोडते, तो रेणू बाहेरच्या थरात दिसू लागतो आणि भक्षक पेशी ती खूण ओळखून तिला गिळतात.

सावकाश

प्रवाही म्हणजे चांगले असा समज होऊ नये म्हणून लिहितो. मी नवजात बालकांच्या विभागात काम केले आहे. फुप्फुसातील वायुकोशांच्या आतल्या ओलसर पृष्ठभागावर जे द्रव्य पसरलेले असते, त्याचा मुख्य घटक डायपाल्मिटॉइल फॉस्फटिडिलकोलीन हा आहे, आणि त्याच्या दोन्ही शेपट्या १६ कर्बांच्या, पूर्ण संपृक्त व सरळ असतात. तो सुमारे ४१ अंशांना मऊ होतो, म्हणजे शरीराच्या ३७ अंशांना किंचित ताठरच. तो ताठरपणाच येथे हवा असतो: श्वास सोडताना वायुकोश आकसला की हे रेणू दाटीने उभे राहतात, पृष्ठताण जवळजवळ नाहीसा करतात आणि वायुकोश मिटू देत नाहीत. फार लवकर जन्मलेल्या बाळांत हे द्रव्य पुरेसे तयार झालेले नसते, म्हणून प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतका कष्टाचा होतो. मेरी एलन ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली हे कारण दाखवले. आज ते द्रव्य नळीवाटे फुप्फुसात देता येते, आणि दिल्यानंतर बाळाच्या छातीची धडपड थोड्याच वेळात कमी होताना पाहणे हा अनुभव मी विसरू शकत नाही.

मध्यबिंदू

कुंपणाचेच बोलणे चालले आहे, कोठाराचे कोणी बोलत नाही. एक ग्रॅम मेदातून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात आणि कर्बोदकातून ४, हे सर्वांना पाठ असते. पण खरा फरक त्याहून मोठा आहे. ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातील साठवणीचे कर्बोदक, स्वतःबरोबर दुप्पट-तिप्पट पाणी धरून ठेवते, तर मेद कोरडा साठतो. १० किलो मेदाइतकी ऊर्जा ग्लायकोजेनच्या रूपात साठवायची झाल्यास कोरडे ग्लायकोजेन साडेबावीस किलो लागेल आणि त्याचे पाणी धरले तर ओझे साठ किलोंच्या पुढे जाईल. समुद्र ओलांडणाऱ्या पक्ष्यांनी मेद का निवडला हे त्यावरून कळते.

पाणकावळा

आणि उंटाच्या मदारीतले पाणी?

मध्यबिंदू

मदारीत पाणी नसते, मेद असतो. एक ग्रॅम मेद जळाला की एक ग्रॅमहून थोडे अधिक पाणी तयार होते हे खरे, म्हणून ही समजूत चिवट आहे. पण तो जाळण्यासाठी लागणारा प्राणवायू घेताना कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जाते आणि हिशेब तोट्यातच जातो. मदार शिदोरी आहे, पखाल नव्हे.

नवा_वाचक

कोलेस्टेरॉल हे तर वाईटच ना? त्याला या चांगल्या मंडळींत का बसवले?

सावकाश

@नवा_वाचक, कोलेस्टेरॉलशिवाय आपली एकही पेशी धड उभी राहणार नाही. त्याची ताठ कडी फॉस्फोलिपिडांच्या शेपट्यांमध्ये शिरून उष्णतेत पटलाला फार सैल होऊ देत नाहीत आणि थंडीत शेपट्यांना घट्ट रचूही देत नाहीत. पित्ताम्ले, लैंगिक संप्रेरके, कॉर्टिसॉल हे सगळे त्याच्यापासून होतात, आणि ड जीवनसत्त्व त्याच्याच एका पूर्वपदार्थापासून. रक्ततपासणीच्या कागदावर जे लिहिलेले असते, ते कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या लिपोप्रथिनांच्या कणांविषयी असते. एलडीएल हा असा एक कण आहे. तो रक्तात फार काळ आणि फार संख्येने राहिला, की रोहिणीच्या भिंतीत शिरतो. पेशी हे कण कोणत्या ग्राहीने (पृष्ठभागावरील पकडणाऱ्या प्रथिनाने) उचलतात हे ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी शोधले व १९८५ चे नोबेल त्यांना मिळाले. वाहन रस्त्यात अडकले म्हणून मालाला शिव्या देऊ नयेत, इतकेच. मात्र ज्यांचे एलडीएल वाढले आहे, त्यांनी या वाक्याचा आधार घेऊन औषध बंद करू नये.

निवळी

मूळ प्रश्नाकडे परत येते. प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे ऊतींतून लिपिड काढत होते, त्यामुळे षट्कोन यांच्या पहिल्या प्रतिसादाशी मी असहमत आहे: विद्राव्यतेची व्याख्या दोन्ही बाजूंनी फुटते. नेहमीची पद्धत अशी की, ऊतक क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या मिश्रणात घुसळायचे, थोडे पाणी घालायचे आणि दोन थर वेगळे होऊ द्यायचे. लिपिड खालच्या क्लोरोफॉर्मच्या थरात जातात. सुरुवातीला मी वरचा पाणीदार थर निमूटपणे ओतून देत असे. पुढे कळले की मेंदूतील गँग्लिओसाइडे त्या वरच्या थरात जातात, कारण त्यांच्या डोक्यावर शर्करांचा मोठा फुलोरा असतो. म्हणजे मी जे ओतून देत होते, तेही लिपिडच होते. चार कर्बांचे ब्युटिरिक आम्ल तर पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते, आणि तरी ते मेदाम्लच आहे.

आता उलट बाजू. १९५१ साली फोल्च आणि लीस यांना मेंदूतून असे एक प्रथिन मिळाले, जे क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये खुशाल विरघळते. ते मज्जातंतूंवरील मायलिन आवरणाचे प्रथिन आहे. विद्राव्यता हीच कसोटी धरली, तर हे प्रथिन लिपिड ठरेल आणि गँग्लिओसाइड ठरणार नाही. धागाकर्त्यांची शंका रास्त आहे. बाटलीच्या भरवशावर कुळ ठरवता येत नाही.

षट्कोन

@निवळी, गँग्लिओसाइडांचे मला ठाऊक नव्हते. कसोटी फुटते हे मान्य करतो. कसब मात्र अजून मान्य करावे लागेल, असे वाटते.

तळटीप

'लिपिड' हा शब्द गॅब्रिएल बर्त्रां याने १९२३ मध्ये आणला. शेव्हरेलचा चरबीच्या रसायनावरील ग्रंथ १८२३ चा, त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. तोवर लोक मेद आणि 'मेदासारखे' अशी दोन टोपणनावे वापरून भागवत होते. मोट बांधली गेली ती अशी.

साखळी

मग बाटली बाजूला ठेवून जन्मकथा पाहू. निसर्गातील मेदाम्लांत कर्बांची संख्या बहुधा सम का असते? कारण साखळी दोन-दोन कर्बांनी वाढते आणि ते कर्ब ॲसिटिल कोएन्झाइम-ए (दोन कर्बांचा ॲसिटेटचा तुकडा वाहून नेणारा रेणू) कडून येतात. कोलेस्टेरॉलचे २७ कर्बही तेथूनच येतात: १५ ॲसिटेटच्या मिथाइल टोकाकडून आणि १२ कार्बॉक्सिल टोकाकडून. ब्लॉख आणि लायनेन यांना १९६४ चे नोबेल मिळाले ते कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले या दोन्हींच्या चयापचयाचा उलगडा केल्याबद्दल, आणि ते मला सूचक वाटते. एका वाटेने दोन कर्बांचे तुकडे सरळ जोडले जाऊन मेदाम्ल होते. दुसऱ्या वाटेने आधी पाच कर्बांचे आयसोप्रीन एकक होते आणि त्यांच्या जोडणीतून कोलेस्टेरॉल, कॅरोटीन तसेच अ, ई व के जीवनसत्त्वांच्या शेपट्या होतात. धागाकर्त्यांच्या कागदावरची सगळी मंडळी या दोन वाटांपैकी एकीने किंवा दोन्हींनी आलेली आहेत.

२००५ साली जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण प्रसिद्ध झाले, त्याने हाच आधार घेतला आणि लिपिडांचे आठ विभाग केले. त्यात विद्राव्यता गौण आहे.

निवळी

त्या आठांत पॉलिकिटाइडे हा विभागही आहे, कारण त्यांची जोडणी मेदाम्लांसारखीच होते. त्या न्यायाने एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकही लिपिडांच्या यादीत येते.

पाणकावळा

म्हणजे कुळ शोधायला गेलो आणि दूरचे नातेवाईकही मुक्कामाला आले.

अर्धविराम

@साखळी, एक खोड काढतो. वनस्पतींच्या हरितलवकांत आणि बहुतेक जिवाणूंत आयसोप्रीन एकक ॲसिटिल कोएन्झाइम-ए पासून होत नाही. ते पायरुव्हेट आणि ग्लिसराल्डिहाइड फॉस्फेटपासून होते. पानातील कॅरोटीन त्याच वाटेचे. मग एकच उगम कुठे राहिला?

साखळी

बरोबर. म्हणूनच वर्गीकरणात मूळ कच्च्या मालाचे नाव नाही, जोडणीच्या एककांचे आहे. एकक कोणत्या कारखान्यात झाले यावर त्याची जात ठरत नाही. याची सर्वांत ठसठशीत साक्ष आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळातील एकपेशीय जीव) देतात. त्यांच्या पटलात मेदाम्ले नसतातच; आयसोप्रीनच्या शेपट्या ईथर बंधांनी जोडलेल्या असतात आणि ग्लिसरॉल फॉस्फेटही आपल्या आरशातील प्रतिमेसारखे उलटे असते. उकळत्या झऱ्यांत राहणाऱ्या काहींमध्ये तर समोरासमोरच्या शेपट्या सलग जोडून दोन थरांचा एकच थर केलेला असतो. कुंपण तेच, विटा आणि चुना दोन्ही वेगळे.

षट्कोन

हा तर माझ्याच बाजूचा पुरावा झाला!

कुतूहल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या कागदावरच्या आकृत्या मी आज पुन्हा काढल्या. या वेळी शेजारीशेजारी न काढता प्रत्येकीत दोन कर्बांचे आणि पाच कर्बांचे तुकडे वेगळ्या रंगांनी रंगवले. ट्रायग्लिसराइडच्या शेपट्या, फॉस्फोलिपिड आणि कॅरोटीन बिनतक्रार रंगले. कोलेस्टेरॉलने मात्र त्रास दिला: पाच-पाचाच्या सहा तुकड्यांचे ३० कर्ब व्हायला हवेत आणि २७ च सापडतात. तीन कर्ब कुठे गेले?

साखळी

वाटेत छाटले जातात. आधी ३० कर्बांचे स्क्वालीन, मग कडी जुळून लॅनोस्टेरॉल, आणि त्यानंतर तीन मिथाइल गट एकेक करून काढले जातात. ते तीन कर्ब तुटक रेषेने काढा, म्हणजे रंग जुळतील.